तार तापवा, कथील नको

कल्हई आणि सोल्डरिंग हे दोन शब्द आपण दोन वेगळ्या फडताळांत ठेवलेले असतात. पहिला आजीच्या स्वयंपाकघरातला, राखेचा आणि धुराचा. दुसरा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातला. एक जुना, जवळजवळ संपलेला आणि दुसरा अजून चालू असलेला. पण माईकची केबल जोडायला शिकणाऱ्या माणसाच्या पहिल्याच दिवशी लक्षात येतं की ही एकच विद्या आहे. सोल्डरिंगच्या पुस्तकात पहिली पायरी असते 'टिनिंग'. म्हणजे तारेच्या उघड्या टोकाला कथिलाचा पातळ थर चढवणं. मराठीत याला सरळ कल्हई म्हणायला काहीच हरकत नाही.

गेले काही महिने मी ऑडिओ केबलींचं सोल्डरिंग शिकतो आहे. कारण अगदी साधं. आमच्या लातूर जिल्ह्यात भजन, सप्ताह, जयंती, गणपती, सत्कार, सभा, काहीही असो, माईक लागतो. आणि माईकच्या सगळ्या सरंजामात सगळ्यात आधी दगा देते ती केबल, तीही बहुतेक वेळा प्लगच्या तोंडाशी. ज्या दुकानात मी शिकायला जातो तिथले मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, कथील नका तापवू. तार तापवा. कथील आपोआप येतंय बघा." हे वाक्य ऐकलं आणि मग त्याच्या मागे मागे जात राहिलो. ते कुठून कुठे नेतं ते इथे लिहितो आहे. शेवट किल्लारीला होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी काम काय असतं ते बघू. केबल सोलायची. आत दोन बारीक तारा आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या धाग्यांची जाळी. जाळी पिळून एकत्र करायची. तिन्ही टोकांना कल्हई. मग टोक पिनेच्या खोबणीत बसवायचं, सोल्डरिंग आयर्नची बिट एकाच वेळी पिनेला आणि तारेला टेकवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, आणि सोल्डर बिटेला नव्हे तर तापलेल्या सांध्याला लावायचं. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखं पसरतं आणि तारेच्या धाग्यांमध्ये शिरतं. मग बिट काढायची आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलवायचा नाही. तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगमध्ये जाळी एक नंबरला, बाकी दोन तारा दोन आणि तीन नंबरला. आणि हो, प्लगचं कव्हर जोडणीच्या आधीच केबलमध्ये ओवून ठेवायचं. सांधा झाल्यावर ते आत जात नाही, हे जगातल्या प्रत्येक नवशिक्याला कधी ना कधी कळतंच.

यातली खुबी अशी की सोल्डर म्हणजे डिंक नव्हे. कथील २३२ अंशांना वितळतं. त्यात योग्य प्रमाणात शिसं मिसळलं (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) तर १८३ अंशांनाच. तांबं वितळायला मात्र हजाराच्या वर अंश लागतात, म्हणजे तांबं इथे वितळत नाही. तरीही तापलेल्या तांब्याला वितळलेलं कथील भिडलं की जिथे दोघं भेटतात तिथे दोन्ही धातूंचा मिळून एक नवा, अतिशय पातळ थर तयार होतो. त्या थरात तांबंही असतं आणि कथीलही. खरा सांधा तो. बाकीचं सोल्डर म्हणजे भर. तार थंड असेल, किंवा तिच्यावर गंज अथवा तेलाचा हात असेल, तर हा थर होतच नाही. सोल्डरचा गोळा तारेवर नुसता बसून राहतो. दिसायला जोडलेलं, प्रत्यक्षात सुटं. दुकानात याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. मंडपात माईक मध्येच खरखरतो, कोणीतरी केबल हलवतं, आवाज येतो, परत जातो, ते बऱ्याच वेळा याचंच काम.

आता कल्हईवाला आठवा. भांडं राखेने, वाळूने घासून लख्ख करायचा. भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर सांडशीत धरून तापवायचा. मग नवसागराची चिमूट. पांढरा धूर, नाकात झोंबणारा वास. आणि त्यानंतर कथिलाची कांडी तापलेल्या भांड्याला नुसती टेकवायची. वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने क्षणात सगळीकडे फिरवलं की काळवंडलेलं भांडं चांदीसारखं होई. इथेही तापवायचं ते भांडं, कथील नव्हे. नवसागर उष्णतेने फुटतो, त्यातून निघणारं आम्ल तांब्यावरचा गंज खाऊन टाकतं, आणि स्वच्छ तांब्याला कथील धरतं. आपल्या सोल्डरच्या तारेच्या पोटात नवसागराऐवजी राळ असते. इलेक्ट्रॉनिक कामाला नवसागर चालत नाही, कारण त्याचा उरलेला अंश पुढे तारच खातो. पण काम तेच: धातूचा चेहरा धुऊन देणं. आयर्न टेकवल्यावर जो धूर येतो तो या राळेचा. तो नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी, आणि शिसं असलेलं सोल्डर हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

भांड्याच्या कल्हईत मात्र शिसं अजिबात नको. कल्हई करायची ती पोटासाठी. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार कळकतं, ते कळकू नये म्हणून. म्हणजे एकाच कथिलाचे दोन संसार. एकात त्याने तांब्याला अन्नापासून तोडायचं, दुसऱ्यात एका तांब्याला दुसऱ्या तांब्याशी जोडायचं.

हे कथील आलं कुठून? आपल्याकडे ते फारसं सापडत नाही. महाराष्ट्रातून बघायचं तर जवळातली जवळ जागा बस्तरकडची, तीही लहानशी. त्यामुळे कथील हा कायमच परदेशी पाहुणा. 'कल्हई' हा शब्द अरबी-फारसीतून आला, आणि त्या भाषांतला कथिलाचा शब्द मलाया द्वीपकल्पातल्या 'कलाह' नावाच्या जागेवरून पडला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. 'कथील' हा शब्द संस्कृतातल्या 'कस्तीर'वरून आला. ग्रीकांचा 'कासिटेरोस' हा त्याचाच भाऊबंद. शब्दांनीसुद्धा जहाजाने प्रवास केलेला आहे.

जहाजावरून तेर आठवलं. किल्लारीपासून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर ही दक्षिणेतली दोन मोठी बाजारगावं म्हणून येतात. तगर म्हणजेच हे तेर. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. आणि भडोचच्या बंदरात जे जे उतरत असे त्याच्या यादीत त्या व्यापाऱ्याने तांबं, कथील आणि शिसं ही तीन नावं एका ओळीत दिली आहेत. सोल्डरिंगच्या दुकानात शिरावं तशी ही यादी आहे.

त्याच शतकात रोममध्ये प्लिनी नावाचा माणूस जगातलं सगळं ज्ञान एका ग्रंथात भरत होता. त्याच्या चौतिसाव्या भागात नळ जोडायच्या मिश्रणाचं प्रमाण आहे: दोन भाग शिसं, एक भाग कथील. नळकाम करणारे पुढे जवळजवळ विसाव्या शतकापर्यंत याच्या आसपासच राहिले. हा प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच उद्रेकात पाँपेई गाडलं गेलं, आणि १९३८ साली पाँपेईच्या राखेतून एक भारतीय हस्तिदंती बाहुली निघाली. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली तिच्याशी बरीच जुळते. आमच्या भागाला कायमचा मागासलेला म्हणणाऱ्यांना हे अधूनमधून सांगत जावं.

किल्लारीच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वेला, शंभरेक किलोमीटरवर बीदर. तिथली बिदरी कला म्हणजे जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचं जडावकाम. शेवटी ते भांडं काळं करायला कारागीर किल्ल्यातली माती वापरतात, आणि तिच्याबरोबर नवसागर. तोच कल्हईवाल्याचा नवसागर. बीदर आज कर्नाटकात असलं तरी १९५६ पर्यंत आपले उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. तेव्हा ही धातूची विद्या आमच्याकडे परकी नाही. तांबट, कासार, कल्हईवाले, बिदरीकाम करणारे, सगळे एकाच निजामी मुलखातले.

पुढे त्या विद्येला विजेची जोड मिळाली. केबलच्या टोकाला आपण जो जाड, गोल पाव इंची जॅक लावतो, तो १८७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंजसाठी निघाला. ऑपरेटर तो या भोकातून काढून त्या भोकात घालायची आणि दोन माणसं बोलू लागायची. विजेचं सोल्डरिंग आयर्न जर्मनीत १९२१च्या सुमारास कारखान्यातून निघू लागलं. १९२५ साली राइस आणि केलॉग या दोघांनी आज आपण वापरतो त्या जातीचा, कागदी शंकूचा आणि तारेच्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर मांडला. दिल्लीत अहुजांची कंपनी १९४० साली सुरू झाली, आणि पुढे तर गावोगावच्या मंडपात ते नाव कर्ण्याइतकंच ओळखीचं झालं.

मराठवाड्यात मात्र माईकला एक वेगळा अर्थ आहे. निजामाच्या राज्यात 'गश्ती निशान ५३' नावाचा हुकूम होता. परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. बोलणं हाच गुन्हा होऊ शकत होता. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झालं, म्हणजे उरलेल्या देशापेक्षा तेरा महिने उशिरा. ज्या भागात चार माणसांसमोर उभं राहून बोलायला परवाना लागत होता, तिथे त्यानंतर चौकात कर्णा बांधला गेला आणि कोणीही उठून 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणू लागला. आजच्या डीजेच्या भिंतींना आपण कितीही शिव्या दिल्या (आणि द्याव्यातच), तरी ही गोष्ट लहान नाही. त्या कर्ण्याच्या वायरीला कुठेतरी कोणीतरी डाख दिलेला होता, म्हणून आवाज लोकांपर्यंत पोचत होता.

आता किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं. लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. काही नोंदींत हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो. त्याआधी वर्षभर, ऑगस्ट १९९२ पासून, किल्लारीत धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२चा तर चांगलाच जाणवला होता. पण हा प्रदेश तेव्हाच्या भूकंप नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता.

नंतर शास्त्रज्ञ आले. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेचे आले, जर्मनीहूनही आले. नंतरचे धक्के मोजायला त्यांनी यंत्रं मांडली. जमिनीची थरथर टिपणाऱ्या 'जिओफोन' नावाच्या यंत्राच्या आत काय असतं? एक चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेलं तारेचं वेटोळं. जमीन हलली की चुंबक हलतो, वेटोळं जागच्या जागी राहू पाहतं, आणि तारेत अगदी क्षीण वीज येते. भजनी मंडळाच्या डायनॅमिक माईकच्या आतही हेच असतं. फक्त तिथे माणसाच्या आवाजाने पडदा हलतो आणि त्याला चिकटलेलं वेटोळं हलतं. दोन्हीकडची वीज इतकी थोडी की मधला एक सांधा जरी कच्चा असला तरी ती पोचत नाही, किंवा खरखर होऊन पोचते. म्हणजे माईकची केबल नीट जोडणारा हात जिओफोनचीही जोडू शकतो.

पण सांध्याचा खरा प्रश्न यंत्रांत नव्हता, घरांत होता. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा जड थर. पाऊस गळू नये म्हणून त्या मातीवर आणखी माती पडत जाई. भिंत बाहेरून बघावी तर किल्ल्यासारखी. आत मात्र ती एक भिंत नसे, दोन असत. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलल्यावर दोन्ही रांगा एकमेकींपासून फुगून सुटल्या, मधली भर खाली आली आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर. कित्येक घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भोवतीचा दगड तेवढा ढासळला, कारण लाकडाला लाकूड खाच पाडून बसवलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, भूकंपच मोठा होता, कोण काय करणार? तर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तीव्रता ६.७, म्हणजे किल्लारीपेक्षा मोठा. वेळही पहाटेचीच, साडेचार. माणसं गेली सुमारे साठ. तिथली बरीचशी घरं लाकडी चौकटीची, खिळ्या-पट्ट्यांनी एकमेकांत धरलेली आणि हलकी. दोन ठिकाणच्या फरकाला जमीन, वस्ती अशी इतर कारणंही आहेत, पण सगळ्यात मोठं कारण सांध्याचं आहे.

आणि उपाय माहीत नव्हता असंही नाही. कच्च्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेचं एक मानक आहे, आयएस १३८२८. ते १९९३ सालचंच. त्यात लिहिलेलं आहे की भिंतीच्या आरपार जाणारे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १२० सेंटिमीटरवर घाला. बस. सिमेंट नको, लोखंड नको, एक लांब दगड योग्य जागी. नवशिक्याला आधी तार खोबणीत अडकवायला शिकवतात, मग सोल्डर. तसंच हे. सोल्डरने ओझं पेलायचं नसतं. केबलचा ताण प्लगच्या मागच्या पकडीने घ्यायचा असतो. भिंतीतल्या मातीकडून मात्र आपण पिढ्यान् पिढ्या पकडीचं काम करून घेत होतो.

पुढे पुनर्वसन झालं. ५२ गावं संपूर्ण नव्या जागी वसवली गेली. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. कमी बोललं जातं ते दुसऱ्या कामाबद्दल: जी घरं पडली नव्हती पण तशीच कच्ची होती, ती जागच्या जागी मजबूत करण्याचं. भिंतीतून एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीटने भरायचं. भिंतीच्या वरच्या अंगाला पट्टा बांधायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. गावोगावच्या गवंड्यांना हे शिकवलं गेलं आणि लाखाहून अधिक घरं या योजनेत आली. २००२ साली भूकंप नकाशाही बदलला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

सांध्याची उपमा मी इथपर्यंतच ताणतो. नव्या गावांत रुंद रस्ते आले, आखीव चौकोन आले, पण जुन्या गल्ल्या, शेजार, शेतापर्यंतची दोन पावलांची वाट सुटली, अशी खंत तिथे ऐकू येते. तो सांधा कशाने जोडायचा हे ना सोल्डरिंगच्या पुस्तकात आहे ना मानक संस्थेच्या.

एक मात्र लक्षात राहिलं आहे. कल्हई कायमची नसते. घासून घासून उडते, म्हणून कल्हईवाला दर काही महिन्यांनी परत यायचा आणि कोणी त्याला 'मागची नीट केली नव्हतीस' असं म्हणत नसे. स्टीलची भांडी आली, तो यायचा थांबला, आणि परत परत सांधा तपासायची आपली सवयही बहुधा त्याच्याबरोबरच गेली. भूकंप न पाहिलेली पिढी आता किल्लारीत घरं बांधते आहे, आणि त्यांच्यातलेच काही गणपतीत माईकही लावतात.

मामांकडे तपासायची पद्धत सोपी आहे. सांधा झाला की थंड होऊ द्यायचा. चकचकीत आहे का आणि तारेला अंगासरशी धरून उतरलाय का ते बघायचं. मग मल्टिमीटर लावून तार हलकेच ओढायची. वायर ओढतानाही बीप चालू राहिला पाहिजे. नुसती ठेवलेली असताना तर ड्राय सोल्डरसुद्धा वाजतं.